ब्रॅम्प्टनहून, कुकर होईपर्यंत

ती. दादा आणि आई,

वरणाचा कुकर लावलाय, पोरगं झोपलंय, हे दारातला बर्फ उपसायला गेलेत. तेवढ्यात लिहून घेते.

काल नांदेडच्या मावशीचा फोन आला होता. "विष्णुपुरीच्या कॉलेजातनं बी.ई. केलीस ती खांबावर चढायला का गं?" म्हटलं, मावशी, खांबावरचे वेगळे, मी इमारतीच्या आतलं वायरिंग करते. तर म्हणाली, "म्हणजे वायरमनच की!" हो, वायरमनच. दादांनी जन्मभर वीज बोर्डात दुसरं काय केलं? पण तिनं गल्लीत 'भाची कॅनडात पॉवर सेक्टरमध्ये आहे' असं सांगून ठेवलंय. राहू द्या. खोटं नाही ते.

आई, ह्या उमेदवारीची फी किती भरली ते तू विचारलंस. कामावर शिकायला फी कसली, उलट मलाच पगार मिळतो! इथं वीज कामगारांची आयबीईडब्ल्यू नावाची संघटना आहे, १८९१ सालची. टोरांटोची ३५३ नंबरची शाखा १९०३ पासूनची. संघटना आणि ठेकेदार मिळून उमेदवार निवडतात, त्याला गणिताची परीक्षा असते. लातूर पॅटर्नमधनं गेलेल्या पोरीला असल्या पेपराची काय भीती? पुढं एकूण ९००० तास, त्याचे पाच टप्पे. सुरुवातीला पक्क्या कारागिराच्या पगाराच्या ४० टक्के, मग टप्प्याटप्प्यानं वाढ. मधेमधे काही आठवडे कॉलेज, शेवटी सरकारी परीक्षा. तिथं ७० टक्के लागतात. दादा, हसू नका.

काकूच्या गण्याचं ऐकून मात्र राग आला. आयटीआयला वीजतंत्री झालेला पोरगा अप्रेंटिसशिप सांभाळून मोबाईलच्या दुकानात कव्हरं विकतोय! विद्यावेतन पुरत नाही, हे त्याचं खरं आहे. आपल्याकडं अप्रेंटिसचा कायदा १९६१ पासून आहे, पण मुदत संपली की कंपनीनं ठेवून घ्यायलाच पाहिजे असं त्यात नाही. तरी काकूला सांगा, सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत त्याला अप्रेंटिसशिप सोडायला लावू नका. आणि वायरमनला पोरगी कोण देईल म्हणून ती रडते, तर तिला आईकडं बोट दाखवा.

आता इथला ताप ऐका. शेजारच्या सरदारजींनी दिवाणखान्यातला एक दिवा बदलून घेतला. २८० डॉलर! म्हणजे सतरा हजार रुपये, एका दिव्याला! मला म्हणाले, "बेटी, पुढच्या वेळी तूच ये, निम्मे देतो." जाता येत नाही. ओंटारिओत लायसन्स असलेल्या ठेकेदाराशिवाय कुणी पैसे घेऊन विजेचं काम करायचं नाही, आणि बहुतेक कामांची नोंद सुरक्षा प्राधिकरणाकडं करायची. दादा रविवारी अख्ख्या गल्लीचे पंखे एकेका चहावर नीट करायचे. इथं असते तर त्यांना नोटिसा मोजायलाच एक माणूस लागला असता. मला हा नियम लय डाचतो. हात शिवशिवतात आणि नुसतं वर बघून "छान लावलाय" म्हणावं लागतं.

एका नियमाला मात्र मी नावं ठेवत नाही. कामाला हात घालायच्या आधी मेन पाडायचा, त्यावर आपलं स्वतःचं कुलूप घालायचं, नावाची चिठ्ठी अडकवायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. मग मीटर आधी चालू लाईनवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या लाईनवर, मग पुन्हा चालूवर, न जाणो मीटरच बिघडला असला तर. तिकडं दादा वर खांबावर, आणि खाली फ्यूज सांभाळायला पान चघळत बसलेला कुणीतरी. पावसाळ्यात आई फाटकापाशी का उभी राहायची, ते मला हे कुलूप हातात आल्यावर कळलं.

पार्सल पोचलं. काळं तिखट सांडलं नव्हतं, शेंगदाण्याची चटणी ह्यांनी आठवड्यात संपवली. फोरमन इटालियन आहे. धपाटं खाऊन त्यानं एक बाटली पाणी संपवलं आणि दुसरं मागितलं.

शेतातल्या येळवशीचे फोटो कामावर असताना आले. खोपीतली पूजा, भज्जीचं पातेलं, आंबिलीचा माठ, आणि माझ्या जागेवर गण्या पाय पसरून. मी चौदाव्या मजल्यावर, उणे अठरात, पाईप वाकवत होते. ३० अंशांचा बाक असला की दोन खुणांमधलं अंतर उंचीच्या दुप्पट धरायचं, साधा हिशोब. त्या दिवशी तोच पुन्हा पुन्हा मोजत बसले. आई, पुढच्या वर्षी फोटो इथं रात्र असताना पाठव.

कुकर झाला. दादा, शेतातल्या मोटारीच्या डब्यात गण्यानं फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलीय, ती येळवशीच्या फोटोत मागं दिसते मला. ती आजच काढा, आणि काढताना मेन पाडून गण्याला तिथं उभं करा.

तुमची,
मीनू