पाहुण्यांच्या खोलीतलं हवामान

ठाण्यात राहून दमट हवा विकत घेणारा माणूस जगात आहे, आणि आमची ताई त्याच घरी दिलेली आहे.

ज्या शहरात जुलै महिन्यात पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडतात, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते आणि धुतलेली चादर वाळण्याआधीच वास मारते म्हणून पुन्हा धुवायला टाकावी लागते, त्या शहरात भावोजींच्या पाहुण्यांच्या खोलीत धुकं सोडणारं यंत्र आहे. ते दिवसभर फुसफुसत असतं. त्याच्या शेजारी हवेतलं पाणी ओढून घेणारं दुसरं यंत्र आहे. दोघांच्या डोक्यावर एसी आहे. एकाच खोलीत पाणी घालणारा आणि पाणी काढणारा शेजारीशेजारी बसलेले मी यापूर्वी फक्त नगरपालिकेच्या खोदकामावर पाहिले होते. पाहुणे आता हॉलमध्ये झोपतात. त्या पाहुण्यांत मीही मोडतो, त्यामुळे माझ्या लिखाणात थोडा आकस डोकावला तर समजून घ्यावं.

हा सगळा थाट भावोजींनी त्या खोलीत ठेवलेल्या झाडांसाठी. दोष झाडांचा नाही. भावोजींनी आणलेल्या अँथुरियमच्या जाती मुळातल्या कोलंबियातल्या डोंगरउतारांवरच्या. तिथे ढग झाडांमधूनच फिरतात. हवा ओली, पण गार. त्यातल्या एकीला शौकीन मंडळी ‘राणी’ म्हणतात. काळपट हिरवी, मखमली, लांबच लांब पानं. पन्हाळी पानांचा ‘राजा’ही आहे. ठाण्याची गोची अशी, की इथे ओल आहे पण गारवा नाही. गारवा हवा म्हणून एसी लावावा, तर तो ओलही घेऊन जातो. खोलीतली हवा एसीच्या थंडगार नळ्यांवरून गेली की तिच्यातलं पाणी तिथेच दव होऊन सुटतं आणि पाइपातून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर ठिबकतं. काकूंचं म्हणणं वेगळं आहे, ते इथे छापता येणार नाही. म्हणजे ज्या दमटपणाला आपण सगळे वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, तो आधी वीज जाळून घराबाहेर घालवायचा आणि मग आणखी वीज जाळून एका खोलीत परत बोलवायचा, असा हा छंद आहे.

नुसतं धुकं सोडून गारवा का करत नाही, असं मी एकदा विचारलं. प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. पाणी हवेत विरताना हवेतली उष्णता घेतं. नागपूरचा कूलर त्याच जिवावर मे महिना काढतो. पण नागपूरच्या मे महिन्यातली हवा कोरडी ठणठणीत असते, पाण्याला आसुसलेली. ठाण्याची हवा आधीच पोटभर प्यायलेली. इथे कूलर लावला तर माणूस गार होत नाही, फक्त ओला होतो.

खरी गंमत हिशोबात आहे. दहा बाय आठची खोली, नऊ फूट उंच. २६ अंश तापमानाला त्या अख्ख्या खोलीतली हवा तुडुंब भरली, तरी तिच्यात वाफेच्या रूपात किती पाणी मावेल? जेमतेम अर्धा लिटर. मला हे ऐकून फार अपमानित वाटलं. ज्या दमटपणाने आमची अख्खी पिढी घामाघूम केली, तो सगळा मिळून खोलीमागे अर्धी बाटली! उलट झाडं मुळांनी जे पाणी पितात, त्यातलं शेकडा ९७ किंवा त्याहून जास्त पानांवाटे हवेत सोडून देतात. भावोजी रोज झाऱ्याने घालतात ते पाणी बऱ्याच अंशी आज ना उद्या त्या अर्ध्या बाटलीत मावायला निघतं. मावणार कसं?

त्यात दिव्यांची भर. चाळीस-चाळीस वॉटचे चार दिवे टायमरवर बारा तास जळतात. एलईडी गरम होत नाहीत असा एक समज आहे. पण त्यांचा प्रकाशही शेवटी पानांवर, भिंतींवर आपटून उष्णताच होतो, साखर बनवायला झाडं त्यातला अगदी थोडा वाटा वापरतात. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता टाकतो. म्हणजे दिवे लागले की खोलीत दीड पाहुणा येऊन बसतो, आणि बारा तास उठायचं नाव घेत नाही.

मग संध्याकाळी दिवे बंद होतात आणि खेळ उलटतो. समजा दिवसा ३० अंशांना मीटर ७० टक्के आर्द्रता दाखवत होता. रात्री तापमान २४ वर उतरलं. कोणी थेंबभर पाणी घातलेलं नाही, झाडांनीही पानांवरची रंध्रं मिटून घेतलेली, तरी मीटर ९८ दाखवतो! पाणी तेवढंच आहे, हवेचं पोट लहान झालं. त्याहून गार असलेल्या खिडकीच्या काचेवर दव धरतं, पानं ओलावतात, आणि बुरशीची रात्रपाळी सुरू होते. म्हणून ते पाणी ओढणारं यंत्र. पण त्यालाही स्वभाव आहे. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी झालं की सुमारे ०.७ युनिट विजेएवढी उष्णता मोकळी होते, आणि यंत्र स्वतः खातं ती वीज वेगळी. सगळी उष्णता त्याच खोलीत. खोली तापली की एसी लावायचा. एसीने हवा कोरडी झाली की धुकं. यंत्राच्या टाकीत जमलेलं पाणी भावोजी फुकट जाऊ देत नाहीत, ते पुन्हा झाडांना घालतात. असं तेच पाणी कुंडीतून पानात, पानातून हवेत, हवेतून टाकीत आणि टाकीतून कुंडीत फिरत राहतं. बाहेरून आत येतं ते फक्त विजेचं बिल.

या फेऱ्यातून सुटलेला एक माणूस होऊन गेला. नॅथॅनियल वॉर्ड, लंडनच्या पूर्व भागातला डॉक्टर. कारखान्यांच्या धुराने त्याची नेची मरत होती. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंगाचं पुढे काय झालं याची आता कोणी विचारपूस करत नाही, कारण त्या मातीत एक नेचं उगवलं. दिवसा काचेवर वाफ, रात्री तिचंच पाणी खाली. कोणी झाकणाला हात लावला नाही, म्हणून सगळं नीट चाललं. त्यातून काचेच्या पेट्या निघाल्या, १८३३ मध्ये अशा पेट्यांतून सिडनीला निघालेली झाडं जिवंत पोचली, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं याच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. सकाळच्या चहाच्या मुळाशी एका डॉक्टरचं स्वस्थ बसणं आहे, हे मी भावोजींना मुद्दाम चहा पिताना सांगितलं. त्यांनी कप ठेवला आणि मीटर बघायला गेले.

स्वस्थ बसणं ज्याला परवडत नाही असा एक पाहुणाही मध्यंतरी हॉलमध्ये झोपून गेला. आमचा मामेभाऊ, निफाडकडचा द्राक्षवाला. ऑक्टोबर छाटणीनंतर त्याच्या घरात देवापेक्षा आभाळाकडे जास्त बघितलं जातं. ढगाळ हवा, पहाटेचं धुकं, पानावर टिकलेलं दव म्हणजे वेलीवर केवडा रोग. भुरी या दुसऱ्या रोगाला तर ओलं पानही लागत नाही, नुसता दमटपणा पुरतो. थंडी फार उतरली की बागेत शेकोट्या पेटवून मंडळी रात्र जागतात. त्याने खोलीत नजर फिरवली, यंत्रांच्या किमती विचारल्या, ऐकून थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दाजी, हे समदं राहू द्या. रातचा एक साधा पंखा चालू ठेवा. पान वाळलं पाहिजे, बास. आमी बागेत फुटी विरळतो ते कशापायी? वारं खेळावं म्हणून.” पंखा आला. पानांभोवती साचून राहणारी ओली हवा हलली आणि राणीसाहेबांच्या पानांवरचे तपकिरी डाग पसरायचे थांबले. त्या खोलीतली सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत कामाची निघाली, आणि ही गोष्ट भावोजी चारचौघांत सांगत नाहीत.

मीटरवर मात्र त्यांची अढळ श्रद्धा. तो खरा आहे का, हे तपासायची एक युक्ती आहे: झाकणात मीठ घेऊन पाण्याने जरा ओलं करायचं, मीटरसकट बंद पिशवीत ठेवायचं आणि काही तासांनी बघायचं. आत ७५ टक्के आर्द्रता ठरते. भावोजी मीठ मागायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा त्यांच्या आईंनी, म्हणजे माईंनी, कारण विचारलं.

“आर्द्रता पंचाहत्तरच्या वर गेली की नाही ते कळतं,” भावोजी म्हणाले.

“ते मला बरणीतच कळतं की रे. मीठ ओलं झालं की गेली.”

विज्ञानही माईंच्याच बाजूचं आहे. हवा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून पाझरायला लागतं. जाड्या मिठात इतर क्षार असतात, त्यामुळे ते त्याआधीच सूचना देतं. माईंच्या यंत्राला सेल लागत नाही.

ताई इतके दिवस या सगळ्यापासून लांब होती. डिसेंबरात तिच्या लक्षात आलं, की सगळं घर गार पडलेलं असताना ही एक खोली २८ अंशांवर उबदार असते. त्या दिवसापासून राणी आणि राजाच्या मधोमध इडलीच्या पिठाचं पातेलं बसलं. मग मटकीची पुरचुंडी आली. मग विरजण. भावोजींनी हरकत घेतली: आंबणाऱ्या पिठातून वायू सुटतो, तो खोलीत साचेल. “कुठला वायू?” ताईने विचारलं. कार्बन डायऑक्साइड, असं उत्तर देता देता ते स्वतःच थबकले. मोठ्या व्यावसायिक हरितगृहांत हाच वायू विकत आणून सोडतात. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सव्वाचारशे भाग असतो, तिथे हजारापर्यंत नेतात, म्हणजे झाडं जोमाने वाढतात.

पातेलंभर पिठाने आकडा कितीसा हलणार? पण भावोजींनी आता कार्बन डायऑक्साइडचा मीटर मागवला आहे, आणि आठवड्यातून तीनदा इडली करावी असा त्यांचा आग्रह आहे. मुलं डोशावर तडजोडीला तयार आहेत. पीठ तेच लागत असल्याने बोलणी यशस्वी होतील असं दिसतं.