जाळी पास, गेट नापास

"अहो वहिनी, कपडे मागाहून वाळत घाला, आधी इकडे कंपाउंडपाशी या. कोपऱ्यावरच्या भाऊंच्या परसात गुरुवारी दिवसभर काय खडखडाट चालला होता, कळलं का?"

"मला वाटलं, बोअर मारतायत."

"कसली बोअर! वेल्डिंग. दोनशे अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आणलंय. चुलीपुढे उभी करायला जाळी करतायत. तीन पानांची, बिजागऱ्यांची, काम झालं की मिटून भिंतीला टेकवायची."

"एवढं काय अडलं होतं?"

"आता बघा, आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. गुरुवार म्हणून मटण बंद, मग त्यांच्याकडे परसातल्या चुलीवर पिठलं-भाकरी. वारा सुटला की ठिणग्या उडतात. तुमच्या स्कूटीच्या कव्हरला भोक कशानं पडलं?"

"अस्सं होय! मी उगाच पोरांना फटाक्यांवरून बोलले."

"भाऊ आधी भोसरीला, मग चाकणला, पण कायम क्वालिटीत. हयात गेली दुसऱ्यांचे जोड रिजेक्ट करण्यात. तिथे बॉडीला स्पॉट मारणार रोबो, हे नुसते खोट काढणार. स्वतः रॉड हातात धरला तेव्हा कळलं! आधी रॉड चिकटायला लागला. मग रागानं करंट वाढवला एकशेवीसवर, तर पाइपला ही भोकं! वीस बाय वीसची चौकोनी पाइप, सोळा गेजची, म्हणजे जाडी जेमतेम दीड-पावणेदोन एमएम. ती काय टिकणार?"

"तुम्हाला काकू एवढं कसं माहीत?"

"माझी भाची आलीये ना! आयटीआयला एक वर्षाचा वेल्डर ट्रेड केलाय तिनं, आता चाकणलाच आहे. भाऊंनी तिला हाक मारली. तिनं आल्या आल्या करंट सत्तरवर आणला, बारा नंबरचा, म्हणजे अडीच एमएमचा रॉड लावला आणि म्हणाली, 'काका, आधी चारी कोपऱ्यांना नुसते टाके मारा. मग टेपनं दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तरच पुढे.' भाऊंचे कर्ण बोटभर चुकलेले! टाका तोडला, गुण्या लावला, परत मारला. मग एक जोड या कोपऱ्याला, दुसरा समोरच्या. एकाच बाजूनं जोडत गेलं की लोखंड गार होताना त्या बाजूला ओढतं आणि चौकट पीळ खाते."

"आणि डोळ्यांचं काय? नुसता गॉगल लावून बसले होते ते."

"तेच तर! तिनं तो काढायला लावला. दहा-अकरा नंबरची काळी काच पाहिजे म्हणाली. नाहीतर तेव्हा काही वाटत नाही आणि रात्री डोळ्यांत वाळू खुपते. लोक बटाट्याचे काप ठेवतात, पण ही म्हणते सरळ डॉक्टर गाठा. आपणसुद्धा इथून त्या उजेडाकडे बघायचं नाही, सांगून ठेवते."

"आणि अंगावर तो नायलॉनचा टीशर्ट?"

"बदलायला लावला. सुती, पूर्ण बाह्यांचा. पण खरी गंमत पुढेच. काटकसर म्हणून पायांना नळाची जुनी जीआय पाइप कापून ठेवलेली. तिनं हात जोडले. 'काका, याला जस्ताचा थर आहे. जस्त 907 अंशांना उकळतं, आर्क त्याच्या कितीतरी पुढे. पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप.' आणि चुलीपुढे असल्या पाइपा-जाळ्या नकोतच म्हणाली. साधी काळी पाइप, काळी जाळी आणली."

"मग रंग?"

"रंगाचाही घोळ! भाऊ ऑइल पेंटचा डबा घेऊन तयार. आगीसमोर त्याला फोड येतात आणि वास सुटतो. शेवटी उष्णता सोसणारा चंदेरी सिलिकॉन रंग आणला. सहाशे अंशांपर्यंत टिकतो, असं डब्यावर लिहिलंय."

"झाली का मग जाळी?"

"झाली की! जरा डुलते. एका पानाचे जोड ओबडधोबड आहेत, खपली काढल्यावर बारीक भोकं दिसतात. पोरगी मिस्कील! खडूनं जाळीवर लिहिलं, 'रीवर्क, मग पास.' भाऊंचाच शब्द भाऊंना."

"आमच्या ह्यांना सांगते, आपलं सरकतं गेटही भाऊंकडूनच करून घेऊ. पैसे वाचतील."

"अजिबात नाही! 2024 साली बोपखेलला असंच गेट अंगावर पडून लहान मुलगी गेली, विसरलात? जाळी कलंडली तर पिठलं सांडेल, वहिनी. गेटखाली पोरं खेळतात. ते मुरलेल्या फॅब्रिकेशनवाल्याकडूनच करून घ्या, आणि रुळाच्या दोन्ही टोकांना स्टॉपर लावलाय का, ते पैसे देण्याआधी स्वतः बघा."