सायनसवर हक्क

सर्दीला आपल्याकडे काडीचा मान नाही. रजेच्या अर्जात ‘सर्दी’ लिहा, साहेब हसतात. ‘सायनसचा त्रास’ लिहा, मुकाट सही करतात. म्हणून ऐन पावसाळ्यात नाक चोंदलं तेव्हा मी थेट सायनसवरच हक्क सांगितला. पुरावा रुमालात होता. शेंबूड हिरवा झाला होता. (वाचकांनी नाक मुरडू नये. शिंकरल्यावर रुमालात डोकावून न पाहणारा माणूस मला अजून भेटायचाय.) आई तव्यावर ओव्याची पुरचुंडी शेकत होती, बायको काढा उकळत होती. असले उपचार साध्या सर्दीला ठीक, म्हणत मी डॉक्टर गाठले.

“हिरवा रंग तुमच्याच पांढऱ्या पेशींचा,” डॉक्टर म्हणाले. “लढताना त्या सोडतात ते द्रव्यच हिरवं असतं. विषाणूच्या सर्दीतही होतं तसं.”

पुरावा बाद.

“खाली वाकलं की गाल, कपाळ ठणकतं?”

मी तिथल्या तिथे चपलेचा पट्टा सारखा करायला वाकलो. कंबर तेवढी ठणकली.

“वरच्या दाढा?”

गालामागच्या पोकळीचा तळ या दाढांच्या मुळांना जवळजवळ टेकलेला असतो. तिथे सूज आली की दुखतात दाढा, आणि माणूस आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो. बरं, या पोकळीचं तोंड तळाशी नाही, वरच्या अंगाला! मोरीचं भोक भिंतीत वर ठेवणाऱ्या गवंड्याला आपण पैसे दिले असते का? तुंबणारच ते. मी जिभेने एकेक दाढ चाचपली. एकही माझ्या बाजूने साक्ष देईना.

“ताप? 102 वगैरे?”

99सुद्धा नव्हता.

“बरं वाटता वाटता दुखणं उलटलं, असं काही?”

बरं वाटायलाच अजून सुरुवात नव्हती, तर उलटणार काय!

“निदान अँटिबायोटिक तरी?” मी शेवटचा अर्ज केला.

“विषाणूवर काय उपयोग त्याचा? पाणी उकळून कोमट करा, मीठ घाला, नाक धुवा. झोप काढा. दोन-तीन दिवस जोर राहील, मग ओसरेल. दहाव्या दिवशीही उतार नसेल, तर मात्र या.”

“शुभ बोला हो डॉक्टर,” सोबत आलेली बायको म्हणाली, “दहाव्याचं काय काढता!”