पट्टे असतील तर ९

वांग्याला पट्टे नसतील तर १, असतील तर ९.

हे कुणा ज्योतिषाचं गणित नाही. नव्या वाणाची मालकी नोंदवायची तर त्या वाणाला जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या कोष्टकातली ही ओळ आहे. पट्टे : अनुपस्थित, १. उपस्थित, ९. मधले दोन ते आठ कुठे गेले, असं मी ते कोष्टक दाखवणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या कृषी पदवीधरांना विचारलं. त्यांना राग आला नाही, माझी दया आली. "अहो, पट्टे एक तर असतात नाही तर नसतात. मधलं काय असणार?"

"मग असतील तर दोन का नाही?"

"तसं नसतं. जगभर नऊच असतं."

जगभर म्हटल्यावर आपण गप्प बसतो, तसा मी बसलो. पण तो नऊ काही डोक्यातून जाईना. विचार करता करता लक्षात आलं की ही पद्धत वांग्यापुरती ठेवणं हा आपला करंटेपणा आहे. नळाला पाणी : आलं नाही, १, आलं, ९. एसटी : आली नाही, १, आली, ९. आली पण थांबली नाही, याला कोष्टकात जागा नाही, कारण पदवीधरांच्या मते मधलं काही नसतंच. सौभाग्यवतींना ही पद्धत फारच आवडली. "कचरा खाली नेला?" याचं उत्तर हल्ली त्या मला विचारत नाहीत, डब्याकडे बघून नुसतं "एक" म्हणतात. मी त्यांना पदवीधरांचा खुलासा ऐकवला की हे गुण नव्हेत, संकेतांक आहेत. एक म्हणजे नापास नव्हे, फक्त नोंद. त्या म्हणाल्या, "मग नोंद घ्या आणि कचरा न्या."

सगळ्याच रकान्यांत असा सोक्षमोक्ष नाही. वांग्याच्या टोपीवरच्या काट्यांना उतरंड आहे. नाहीत किंवा अगदी कमी : १. कमी : ३. मध्यम : ५. जास्त : ७. खूप जास्त : ९. पहिल्याच पायरीवर 'नाहीत' आणि 'अगदी कमी' एकाच खाटेवर झोपवलेत. काट्यांच्या बाबतीत हा फरक कुणाला समजत नसेल, तर त्याने भरली वांगी चिरलेली नाहीत, एवढंच मी म्हणेन.

तर ही परीक्षा रोप जमिनीतून डोकं वर काढतं तिथूनच सुरू होते. कोवळ्या दांड्यावर जांभळी झाक आहे का. पानाच्या कडा किती कातरलेल्या, पानावर फुगवटे किती. फुलाचा जांभळा किती गडद. फळाची लांबी, फळाची जाडी आणि शंका राहू नये म्हणून लांबीचं जाडीशी गुणोत्तर. तकाकी. बुडाचा वण केवढा. टोपी केवढी, टोपीला सुरकुत्या किती. आणि ज्याच्यावर माझा विशेष जीव जडला तो रकाना : टोपीच्या खाली, म्हणजे देठाच्या हिरव्या पाकळ्यांनी झाकलेल्या सालीवर, जांभळा रंग आहे की नाही?

आयुष्यभर वांगी खाल्ली, पण वांग्याची टोपी उचकटून आत डोकवावं, असं मला कधी सुचलं नाही. आईला सुचलं नाही, आजीला सुचलं नाही. कुणा तरी चौकस माणसाला सुचलं. टोपीने झाकलेल्या जागी ऊन पोचत नाही; काही वाणांची साल तिथेही जांभळी होते, काहींची पांढरट, हिरवटच राहते. दोन वाण वेगळे ओळखायला ही खूण खरोखर चांगली आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. एवढंच नाही, तिचा उपयोग वाढवावा अशी माझी मागणी आहे. आपल्याकडे टोपीखाली कोणता रंग आहे हे मतदान होऊन गेल्यावर कळतं, आणि दोन वर्षांनी बघावं तर तो बदललेला असतो. वांग्याला ही मुभा नाही. त्याच्या परीक्षेचे तीन पेपर आहेत : भिन्नता, एकसारखेपणा, स्थैर्य. इतरांपेक्षा वेगळं दिसलं पाहिजे, आपसांत सारखं दिसलं पाहिजे, आणि पिढ्यान् पिढ्या तसंच निपजलं पाहिजे. शिवाय एकदा पाहून भागत नाही, दोन सारख्या हंगामांत पाहतात आणि दोन ठिकाणी लावून पाहतात. टोपीखाली काय आहे हे ठरवायला एवढी खातरजमा, आणि तीही ज्याला आपण सरळ चिरून फोडणीत टाकतो त्या वांग्याची! आपण ज्यांना पाच पाच वर्षं डोक्यावर बसवून घेतो, त्यांची टोपी मात्र कुणी बोटाने हलवूनही पाहत नाही. उलट ते आपल्याला टोपी घालतात आणि आपण ती सरळ करून घेतो.

असो. वांग्याकडे येऊ.

मी ते कोष्टक तीनदा वाचलं. चव सापडली नाही. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचलं. गराचा रंग आहे, गराची चव नाही. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा ताटात येतं. इतकी वर्षं खंडोबाने वांग्याची परीक्षा घेतली, पण कोवळ्या दांड्याची झाक कधी विचारली नाही. मी पदवीधरांना म्हटलं, चवीचा कागद गहाळ झालाय का? ते म्हणाले, चव व्यक्तिनिष्ठ असते, मोजता येत नाही.

हे खरं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तांदळाच्या परीक्षेत वास आहे. मिरचीच्या परीक्षेत तिखटपणा आणणारं द्रव्य आहे की नाही, असा रकाना आहे. आणि काकडी! काकडीच्या कोष्टकात चक्क कडूपणा आहे. कशाचा? बी उगवून आल्यावर जी पहिली दोन जाड पानं फुटतात, त्या बीजपत्रांचा. म्हणजे कुणी तरी सुशिक्षित माणूस सकाळी वाफ्यापाशी उकिडवा बसतो, बोटभर रोपाचं पान तोडून चावतो, तोंड वाकडं करतो आणि लिहितो : उपस्थित, ९. पुढे त्या वेलाला काकडी लागते. ती खाऊन बघायला हाच माणूस तयार आहे, त्याची जीभ शाबूत आहे, खिशात मीठही असेल. पण काकडीची कोशिंबीर कशी झाली, हे त्याला कुणी विचारत नाही.

तज्ज्ञ इथे मला थांबवतील, आणि त्यांचं बरोबर आहे. वाण चांगला की वाईट, हे ठरवण्यासाठी ही परीक्षा नाहीच. वाण वेगळा आहे का, एवढंच तिने पाहायचं. कारण वेगळा ठरला तर त्याची मालकी देता येते. २००१ च्या कायद्याने ही मालकी पिकांसाठी पंधरा वर्षं आणि झाडं-वेलींसाठी अठरा वर्षं मिळते. वांगं कसं आहे हा प्रश्न नाही, वांगं कुणाचं आहे हा आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर जमीन सुपीक आहे का, हे लिहितात का? नाही. तसंच हे. समजलं.

पण मग माझ्या आत्याचं काय करायचं?

आत्या जळगावच्या यावल तालुक्यातली. त्या भागातल्या भरताच्या वांग्याबद्दल मी नव्याने सांगावं असं काही नाही. हिरवट-पांढरं, पट्ट्यांचं (म्हणजे ९), काड्यांवर भाजलेलं, बडगीत ठेचलेलं. आत्या वाफ्यातलं सगळ्यांत देखणं वांगं तोडत नाही. त्याला चिंधी बांधते, झाडावरच पिवळंजर्द पिकू देते, आणि त्याचं बी राखेत घोळून पुरचुंडी करून देवळीत ठेवते. तिच्या सासूनेही हेच केलं. आता एकसारखेपणाचा पेपर असा की वीस रोपं पाहायची आणि त्यांत वेगळं, म्हणजे आपल्या भाषेत भेसळीचं, एकच चालतं. आत्याच्या वीस रोपांत वीस स्वभाव. एक बुटकं, एक उंच, एकाला काटे, एकाची टोपी नुसती नावाला. मी तिला नियम सांगितला. ती म्हणाली, "अरे, माझ्या चार पोरांत दोन काळी, दोन गोरी. कोणाला भेसळ म्हणू?" कायदा तसा दयाळू आहे. शेतकऱ्याच्या वाणाला तो दुप्पट सूट देतो आणि फीही घेत नाही. दुप्पट म्हणजे एकाऐवजी दोन. उरलेल्या अठरा पोरांनी एकसारखं नाक आणायचं.

समजा, आणलं. मग नाव. वाणाचं नाव नुसत्या आकड्यांचं नको, आणि त्यात गावाचं नाव नको, असं हाच कायदा म्हणतो. गावाचं हवंच असेल तर ते प्रामाणिकपणे वापरलंय असं अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे. आणि १९९९ चा दुसरा कायदा आहे तो भौगोलिक ओळखीचा. त्याचं सगळं घोडं गावाच्या नावावरच चालतं, आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला त्यात मानांकनही आहे. एका खिडकीवर जळगाव म्हटल्याशिवाय आत घेत नाहीत, दुसऱ्या खिडकीवर जळगाव म्हटलं की भुवया उंचावतात. वांगं तेच, पिशवी तीच.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. मग पदवीधर सहज बोलून गेले, "पण नोंदणी काही सक्तीची नाही हो. विकायला ती लागत नाही."

विकायला लागत नाही! टोपीखालचा रंग, दांड्याची झाक, विसात एक, दोन हंगाम, दोन ठिकाणं, हे सगळं मालकी सांगणाऱ्यासाठी. आणि जो ते बी विकत घेऊन मातीत घालणार आहे, त्याच्यासाठी? १९६६ चा बियाणे कायदा. त्यातही वाण अधिसूचित करूनच विका, अशी सक्ती नाही, आणि प्रमाणीकरण ऐच्छिक. पाकिटावर उत्पादकाने आपल्या हाताने जे छापलं, तेच पुष्कळदा आपलं प्रगतिपुस्तक. मला २०२० चं खरीप आठवतं. मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीन पेरलं आणि ते उगवलंच नाही. तुरळक शेतांत नव्हे, गावंच्या गावं. सोयाबीनच्या शंभर दाण्यांत सत्तर उगवले पाहिजेत, असा प्रमाणित बियाण्याचा दंडक आहे. शेतकरी तासाने चालत होते आणि तास मोकळं होतं. तेव्हा त्यांना काय ऐकवलं गेलं? खोल पेरलं असेल. पुरेशी ओल नसताना पेरलं असेल. पेरणीयंत्रात बी फुटलं असेल. वाणाची परीक्षा बाजूला राहिली, शेतकऱ्याचीच सुरू झाली, आणि तिला ना दोन हंगाम ना दोन ठिकाणं; एकाच फेरीत निकाल. तक्रार करायची तर बिल दाखवा, पाकीट दाखवा, टॅग दाखवा, आणि पेरलेल्यातलं मूठभर बी बाजूला ठेवलं होतं ते दाखवा. ज्याने उधारीवर तीन पिशव्या आणल्या, त्याने शेवटची मूठही पेरली असणार, हे कळायला पदवी लागत नाही. पंचनाम्याची माणसं बांधावर येईपर्यंत दुबार पेरणीची वेळ टळते, कारण पाऊस पंचनाम्यासाठी थांबत नाही. नोंदणी झालेला वाण दावा केल्याप्रमाणे निघाला नाही तर शेतकऱ्याने भरपाई मागावी, असं २००१ च्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय. मागावी! वांग्याच्या टोपीखाली डोकवायला वेळ आहे, रोपाचं पान चावून बघायला माणूस आहे, आणि मोकळ्या तासाशी उकिडवा बसायला कुणी नाही. त्याच्यासाठीही एक रकाना काढा ना. उगवण : अनुपस्थित. १. लिहा आणि खाली सही करा.

पदवीधर म्हणाले, "तुम्ही चिडू नका. तो वेगळा विभाग आहे."

मी चिडलेलो नाही. मी बाजारात गेलो होतो. भाजीवाल्या मावशींकडे वांगी होती, सगळी एका मापाची, एका रंगाची, तकाकी अशी की भांग पाडता यावा. एकसारखेपणात पैकीच्या पैकी. मी म्हटलं, मावशी, चवीला कशी आहेत? त्या म्हणाल्या, "मसाला चांगला टाका, दादा." अर्धा किलो आणली. मसाला चांगला होता.

आत्याला फोन केला. यंदाचं बी देवळीत आहे म्हणाली. ज्या वाचकांना हवं असेल त्यांनी चंपाषष्ठीनंतर जावं. मूठभर मागितलं तर देते, पैसे विचारले तर रागावते. पाकीट, टॅग आणि बिल मिळणार नाही.