मेटारवाले काकाजी

मृगाचे वाहन यंदा बेडूक की कोल्हा, एवढ्या एका माहितीच्या बळावर ज्या काळी महालातल्या कोणत्याही ओसरीवर माणसाला मानाची बैठक आणि चहाचा दुसरा पेला बिनबोभाट मिळत असे, त्या काळी आमच्या नागपुरात पर्जन्यपंडितांचा एक स्वतंत्र वर्ग सुखाने नांदत होता. अक्षय्य तृतीयेला तिकडे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी झाली, की घटाभोवतीच्या धान्यांपैकी कोणते हलले आणि कोणते जागचे ढळले नाही, याची इत्थंभूत खबर या वर्गाच्या दप्तरी यथाकाल दाखल होई. आणि पुढे प्रत्यक्ष पावसाने त्या खबरीचा कितीही अवमान केला, तरी दोष पावसाच्या खाती मांडला जाई, पंडिताच्या नव्हे. हा वर्ग काळाच्या ओघात नामशेष झाला, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. खामल्यात बिऱ्हाड केल्यापासून ती दूर झाली. वर्ग शाबूत आहे. त्याने पंचांग तेवढे फडताळात ठेवून दिले आहे आणि मोबाइल हाती घेतला आहे.

या वर्गातील गृहस्थाची बाह्य लक्षणे सांगावयाची तर वय पंचाहत्तरीच्या आगेमागे, सेवानिवृत्ती हिशेबतपासणीच्या सरकारी कचेरीतून, आणि दोन मनगटांवर दोन घड्याळे: डावे इहलोकासाठी, उजवे ग्रीनिचसाठी, म्हणजे साडेपाच तास मागे. साऱ्या जगातील वैमानिकांचे हवामान ग्रीनिचच्याच वेळेने लिहिले जाते आणि त्या वेळेला त्यांच्या बोलीत ‘झुलू’ म्हणतात, हे आपणांस ठाऊक नसेल तर पहिल्या भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत ठाऊक होते. आमच्या शेजारचे काकाजी (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, सोनेगावच्या विमानतळालगत एखादी गल्ली अशा काकाजींवाचून असेल असे मला वाटत नाही) दुपारी सात झुलूला जेवतात. काकू त्यांना साडेबाराला वाढतात. या दोन्ही वेळा एकच, हे काकूंनी केव्हाच ओळखले आहे. काकाजी मात्र अजूनही बोटांवर साडेपाच मिळवून खातरजमा करतात आणि मगच पानावर बसतात.

काकाजींचा दिवस उजाडतो तो ‘मेटार’ने. विमानतळावरील हवेची स्थिती सांगणारी ही एक ओळ दर अर्ध्या तासाने प्रसृत होते, आणि मोडीतल्या जुन्या फारखतीइतकीच ती अनभ्यस्ताला अगम्य असते. आरंभी ‘व्हीएएनपी’ ही चार अक्षरे, म्हणजे आपले नागपूर. मग तारीख आणि झुलू वेळ. मग पाच आकडे, ज्यांतले पहिले तीन वारा कोणत्या अंशावरून येतो ते आणि पुढचे दोन त्याचा वेग किती नॉट ते सांगतात. त्यानंतर किती मीटरपर्यंतचे दिसते आहे, धुरकट आहे की धुके आहे, ढग किती आणि किती फुटांवर, तापमान, दवबिंदू, वायुभार. आणि सर्वांत शेवटी, सगळे ठीक असल्यास, ‘नोसिग’. पुढील दोन तासांत उल्लेखनीय बदल संभवत नाही, असा या शब्दाचा अर्थ. चाळीस वर्षे सरकारी दप्तरात काढलेल्या माणसाला इतका समाधानकारक शब्द कोणत्याही भाषेत भेटणे कठीण, म्हणून काकाजींनी तो घरगुती व्यवहारातही रुजू करून घेतला. गुडघ्याचे कसे काय म्हटले, तर ‘नोसिग’. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने भाडे दिले का म्हटले, तरी ‘नोसिग’.

या विद्येचा प्रसार ते पात्रापात्र न पाहता करतात. एकदा आम्ही दोघे सीताबर्डीला जाण्यासाठी ऑटोत बसत असता त्यांनी आभाळाकडे बोट दाखवून चालकाला विचारले, “मेटार पाहिला का आज?” चालक दुखावल्या स्वराने म्हणाला, “काकाजी, मीटर कुठून पाहू? मीटर तर दोन वर्षांपासून बंदच आहे.”

तथापि त्यांची चेष्टा करण्यापूर्वी २०२४ च्या मे महिन्याची अखेर आठवावी. शहरातील एका स्वयंचलित यंत्राने छप्पन्न अंश तापमान नोंदविले आणि ती वार्ता देशभर झाली. घराघरांत लोकांनी कूलरच्या टाकीत बर्फ टाकला. पुण्या-मुंबईचे नातलग आम्ही हयात आहोत की नाही हे विचारू लागले. काकाजी त्या सायंकाळी फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, की सोनेगावचा मेटार याच्या पुष्कळ खाली आहे, सबब यंत्र बिघडले आहे. पुढे यंत्राच्या संवेदकातच दोष निघाला. छप्पन्न अंशांच्या कौतुकात गुंग झालेल्या नागपूरकरांना हा निकाल फारसा रुचला नाही. उन्हाळ्याच्या बाबतीत आम्ही कोणाची हार ऐकून घेत नाही.

परंतु त्या विजयाच्याही आधी, एका एप्रिलमध्ये, काकाजींच्या मेटारनिष्ठेला एक जबर धक्का बसून गेला होता. काकूंनी गच्चीवर कुरड्या आणि मूगवड्या वाळत घातल्या होत्या. दुपारी कळा बदलली. काकूंनी खालून विचारले, काकाजींनी आरामखुर्चीतून मेटार वाचला, आणि ‘नोसिग’ असा हुकूम देऊन पुन्हा डोळे मिटले. पंधरा मिनिटांत वळवाची सर कोसळली.

“अहो, उठा ना! वाळवण सारं भिजून राहिलं वर!”

“विमानतळावर नाही पडून राहिला,” काकाजी मोबाइल पाहत म्हणाले.

“मग कुरड्या काय धावपट्टीवर घालायच्या होत्या?”

हा प्रश्न वस्तुतः फार मूलगामी होता. मेटार खोटा नव्हता; तो एका जागेचा होता, आणि ढग एका कोसाच्या अंतरावर स्वतःचा स्वतंत्र कारभार करीत होता. काकाजी कित्येक दिवस अंतर्मुख होते. ज्याने हिशेबतपासणीच्या नोकरीत मूळ पावती पाहिल्यावाचून कोणत्याही रकमेपुढे बरोबरची खूण केली नाही, त्याला आता असा साक्षीदार हवा होता, जो स्वतः त्या ढगात जाऊन आला आहे.

असा साक्षीदार असतो, हे त्यांना अमेरिकेत टेक्सासमध्ये राहणाऱ्या चिरंजीवांनी सांगितले. उडत्या विमानाचा चालक वाटेत जे अनुभवतो, म्हणजे ढगांचा माथा कुठे लागला, पंखांवर बर्फ धरले काय, हादरे किती बसले, ते तो रेडिओवरून खाली कळवितो. त्या निवेदनाला ‘पायरेप’ म्हणतात. त्यात स्थळ, वेळ, उंची, विमानाची जात असे सगळे रकाने ठरलेले असतात. आणि प्रसंग गंभीर असेल तर त्यावर तातडीची खूण पडते. अमेरिकेच्या हवामानखात्याचे विमानोड्डाणासाठीचे केंद्र कॅन्सस सिटीला आहे, म्हणजे जवळजवळ त्यांच्या देशाच्या नागपुरात, आणि तेथून ही सर्व निवेदने नकाशावर मांडून कोणाही ऐऱ्यागैऱ्यास फुकट पाहावयास मिळतात. निरभ्र आकाशातले हादरे रडारला दिसत नाहीत, कारण रडारला दिसतात ते पाण्याचे थेंब आणि गारा. तेथे वैमानिकाचा शब्दच कामी येतो. काकाजींनी ताबडतोब या विद्येची न्यायशास्त्राप्रमाणे वाटणी करून टाकली: मेटार हे प्रत्यक्ष, अंदाज हे अनुमान, आणि पायरेप हे आप्तवाक्य.

त्यानंतरचे काही महिने आमच्या गल्लीने अमेरिकेच्या आकाशाखाली काढले. ओक्लाहोमावर चौतीस हजार फुटांवर एका बोइंगला मध्यम प्रतीचे हादरे बसले, ही वार्ता सकाळी भाजीवाल्याला तोलून दिली जाई आणि तो बिचारा सहानुभूतीने दोन मिरच्या जास्त टाकी. कॉलोराडोच्या पर्वतांवर बर्फ धरल्याचे कळले, की ऐन मे महिन्यात काकाजी गळ्याभोवती पंचा घट्ट करीत. मात्र वर्ध्यावर काय चालले आहे, बुटीबोरीच्या ढगात कोण शिरले आणि कसे बाहेर पडले, हे काही केल्या सापडेना. आपल्या हवामानखात्याची उपग्रहचित्रे सापडली, नागपूरच्या रडारची रंगीत वर्तुळे सापडली. आपले वैमानिकही नियंत्रकाला सांगतातच, आणि ज्यांना कामासाठी हवे त्यांना ते पोहोचतेही. पण खामल्यातील आरामखुर्चीपर्यंत त्याची नक्कल येत नाही. माझ्या मते ती न आल्याने देशाचे काही अडलेले नाही. काकाजींच्या मते अडले आहे, आणि यावर तोड म्हणून त्यांनी स्वतःचेच खाते उघडले.

लाल कापडी बांधणीच्या एका खतावणीत त्यांनी रकाने आखले: तारीख, झुलू, विमान, उंची, हादऱ्याची प्रत, शेरा, सही. आता वैमानिक काही खामल्याच्या गल्लीतून जात-येत नाहीत. तेव्हा विमानातून उतरलेला जो कोणी हाती लागेल त्याची जबानी घेणे प्राप्त झाले. मी एकदा मुंबईहून रात्री अकराला परतलो, तो फाटकाशी काकाजी खतावणीसह हजर.

“हाललं का कुठं?”

“थोडंसं हाललं, काकाजी. अकोल्याच्या आसपास असावं.”

“असावं नको. चहा सांडला का?”

“चहा घेतलाच नव्हता. विकत होता.”

“मग मोजमाप कसं करायचं?” काकाजी हताशपणे म्हणाले, आणि त्या रात्री माझ्या नावापुढे ‘साक्ष अपुरी’ असा शेरा पडला.

या चौकशीत वेडगळपणा दिसतो तेवढा नाही. अमेरिकन वैमानिकांच्या नियमपुस्तकात हादऱ्यांच्या प्रती खरोखरीच अशाच लावल्या आहेत: खाणे वाढता आले आणि चालताना अडचण पडली नाही तर सौम्य, दोन्ही जड गेले तर मध्यम, अशक्य झाले तर तीव्र. काकाजींनी या कोष्टकाचे नागपुरी रूपांतर केले, आणि ते मला मुळापेक्षा सरस वाटते. तर्री-पोह्यांची बशी हाती धरली असता तर्री नुसती थरथरली तर सौम्य. काठावरून अंगठ्यावर आली तर मध्यम. सदऱ्यावर आली तर तीव्र. आणि शेजाऱ्याच्या सदऱ्यावर गेली तर त्याच्यापुढची, जिचा शेरा तातडीने द्यावयाचा. विमानप्रवासी कमी पडत त्या दिवशी ते शहरबसमधून आलेल्यांनाही हेच कोष्टक लावीत. शहरातल्या काही रस्त्यांची नोंद खतावणीत कायमची ‘मध्यम ते तीव्र’ अशी आहे, आणि तिच्याविरुद्ध अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही.

हे वेड त्यांच्यात आले कुठून, याचा उलगडा एका हिवाळी रात्री झाला. ३० जानेवारी १९४९ पासून टपालाची रात्रविमाने सुरू झाली होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास अशा चारी दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि ती अंधारातच पुन्हा आपापल्या वाटेला लागत. देशाच्या मध्यावर असल्याचा नागपूरला झालेला एवढा रोकडा फायदा मला दुसरा ठाऊक नाही. शून्य मैलाच्या दगडाने तर आम्हांला नुसता अभिमान दिला. काकाजींचे वडील टपालखात्यात होते आणि अधूनमधून पोराला बरोबर नेत. त्या वेळी चार दिशांचे चार वैमानिक एका दिव्याखाली चहाचे पेले घेऊन उभे राहत आणि ज्याने त्याने आपापल्या दिशेचे आभाळ इतरांना सांगावे, असा तेथे रिवाज होता, असे काकाजी डोळ्यांत पाणी आणून सांगतात. त्या वेळी ते सात वर्षांचे होते आणि थैल्यांच्या ढिगावर गाढ झोपलेले असत, असे सासऱ्यांच्या तोंडून ऐकल्याचे काकू सांगतात. मी या दोन्ही जबान्या नोंदवून ठेवतो. निवाडा देत नाही.

सहा महिन्यांपूर्वी मुलीच्या आग्रहावरून काकाजी स्वतः विमानात बसले. आयुष्यातला पहिलाच प्रवास, नागपूर ते मुंबई, सोबत काकू. गल्लीतील आम्ही सातआठ जण परतीच्या रात्री फाटकाशी जमलो होतो. ज्याने तीन वर्षे सगळ्यांची उलटतपासणी घेतली त्याला पिंजऱ्यात उभे करण्याची ही संधी कोण दवडील? काकाजी ऑटोतून उतरले, चालकाशी भाड्याची घासाघीस न करता आत गेले, आणि खतावणी घेऊन बाहेर आले. जाताना हादरा नाही, येतानाही नाही. चहा विकत घेऊन पुढ्यात ठेवला होता. तो थंड झाला, पण सांडला नाही. त्यांनी प्रतीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘निरंक’ असे लिहिले, आणि काही न घडल्याचे निवेदनही वैमानिकांच्या लेखी मोलाचे असते, कारण मागून येणाऱ्याला त्या उंचीवर निर्धास्त येता येते, हे आम्हांला समजावून सांगितले; तरी त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

शेऱ्याचा रकाना मोकळा होता. काकूंनी लेखणी मागून घेतली. त्यांनी जाताना लेकीसाठी यंदाच्या कुरड्यांचा डबा मांडीवर ठेवून नेला होता. तेथे त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: कुरड्या एकशे आठ, मोडलेली एकही नाही. खाली सही आहे.