तीस हजार एक

जपानात आहेर किती करायचा यावर फार डोकं चालवावं लागत नाही. ऑफिसातल्या माणसाचं लग्न म्हणजे तीस हजार येन. वीस हजारांचे दोन सारखे भाग पडतात, म्हणजे जोडपं फुटायची भीती. चाळीस हजारांतला चार म्हणजे ‘शी’, आणि ‘शी’ म्हणजे मृत्यूही. मी तीस हजारांचे रुपये करून पाहिले आणि जरा वेळ खुर्चीत बसून राहिलो. माझ्या लग्नात सगळ्या मामांनी मिळून एवढा आहेर केला नव्हता.

शिवाय नोटा कोऱ्या हव्यात. त्या बँकेच्या खिडकीवरून आणायच्या आणि खिडकी दुपारी तीनला बंद, म्हणून अर्धी रजा टाकली. वर साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, शक्यतो जुनी नोट पाहा. २०२४च्या जुलैत दहा हजारांची नवी नोट आली, तिच्यावर शिबुसावा एइइची आहेत. बँका आणि कंपन्या उभ्या करणारा थोर माणूस, पण त्याचा बाहेरख्यालीपणाही तेवढाच प्रसिद्ध. त्यामुळे लग्नात ती नोट नको, असं काही लोक म्हणू लागले आहेत. जन्मभर गांधीजींच्या नोटा मोजलेल्या माझ्यावर नोटेचं चारित्र्य तपासायची वेळ पहिल्यांदाच आली.

राहिलं पाकीट. निशिकासाईतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्रभर उघडं असणारं दुकान आहे. तिथे लाल-सोनेरी दोऱ्यांची, बस्त्याच्या दुकानात शोभतील अशी भडक पाकिटं होती. शेजारी काळ्या-चंदेरी दोऱ्यांचं एक शांत, देखणं पाकीट. परदेशात राहून आपली अभिरुची सुधारली आहे, असा माझा समज आहे. मी दुसरं उचललं. ब्रशपेनला दोन टोकं होती, गडद आणि फिकट. फिकट राखाडी मला जास्त सभ्य वाटली.

शनिवारी सकाळी काळा सूट, पांढरा टाय लावून जिना उतरलो. खालच्या मजल्यावरच्या आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. हातातलं पाकीट दिसताच त्यांनी झारी खाली ठेवली, कमरेत वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “गोशूशोसामा देस.”

अभिनंदनाला ‘ओमेदेतो’ म्हणतात, एवढं मला येतं. हा त्याचाच जुना, खानदानी अवतार असावा. मी तोंडभर हसून म्हणालो, “धन्यवाद! आम्ही सगळे कधीपासून याचीच वाट पाहत होतो.”

आजी सरळ झाल्या. माझ्या टायकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. “कुठे निघालात?”

“लग्नाला.”

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मयत असो की लग्न, सूट तोच. टाय तेवढा काळा की पांढरा. काळ्या-चंदेरी दोऱ्या मयताच्या. फिकट शाईही मयताचीच, म्हणजे लिहिताना आसवं पडून ती पातळ झाली. माझ्या नोटा तेवढ्या कोऱ्या होत्या. मयताला कोऱ्या देत नाहीत. आधीपासून तयारीत होतात असं दिसतं.

आजींनी मला हाताला धरून घरात नेलं. खणातून लाल-सोनेरी पाकीट काढलं. त्याची गाठ सुटू नये अशीच मारलेली असते. माझं आडनाव त्यांनी गडद शाईत लिहिलं, माझ्यापेक्षा सुंदर. मागची खालची घडी वरच्या घडीवर आणून बसवली, सुख झेलता यावं म्हणून. मी काळं पाकीट चुरगाळायला लागलो.

“टाकू नका ते. राहू दे माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “लाल पाकिटं कधीची पडून आहेत. हीच मला सारखी लागतात आता.”

मी ते टेबलावर ठेवलं, हातानं सपाट केलं. दारापर्यंत काही बोललो नाही.

लग्न योकोहामाला होतं. तिथलं बंदर फार सुंदर आहे म्हणे. मी पाकीट सांभाळत होतो. लग्न आणि जेवण साडेतीन तासांत आटोपलं. नवरीनं आईवडिलांना लिहिलेलं पत्र उभ्यानं वाचून दाखवलं. निम्मं मला कळलं नाही, तरी रुमाल भिजला.

एक सांगायचं राहिलं. जाताना गाडीत मला अस्वस्थ वाटू लागलं होतं. सगळं झालं, पण वरचा रुपया? हळूच पाकीट उघडून आत एका येनचं नाणं सारलं.

नवरदेव मधुचंद्राहून परतला, तेव्हा ऑफिसात सगळ्यांच्या टेबलावर एकेक मिठाई होती. माझ्या टेबलावर मिठाईशेजारी एक छोटं पाकीटही होतं. दोऱ्या नव्हत्या, हे आधी पाहून घेतलं. आत एक येन आणि चिठ्ठी: आपलं नाणं चुकून आमच्याकडे आलं होतं, परत करायला उशीर झाला, क्षमा असावी.