पट्टीचा माणूस

आमच्या आळीत रात्री साडेनऊच्या सुमारास एखाद्या गाडीच्या बॉनेटमधून कमरेखालचाच माणूस दिसत असेल, तर ओरडू नये. ते काका आहेत. पट्टी बघतायत.

निवृत्तीनंतर बीपी, शुगर आणि पट्टी या तीन गोष्टी नियमित बघाव्यात असं त्यांचं मत आहे. पहिल्या दोन काकू बघतात.

असा एक माणूस आता बहुतेक गावांत सापडतो. मुंबईच्या भाच्यानं नवी गाडी घेतली की जुनी ऑटोमॅटिक याच्या दारात येऊन उभी राहते. "मामा, तुमचे गुडघे दुखतात ना, हिला क्लच नाही," एवढं बोलून भाचा पनवेलच्या दिशेनं नाहीसा होतो. काकांची गाडी २००० सालची होंडा सिटी. हे मॉडेल आपल्याकडे १९९८ साली आलं, पण क्लच नसलेली गाडी पेणमध्ये तेव्हा कोणी मनावर घेतली नव्हती. पहिल्या दिवशी शेजारपाजारच्यांनी आत वाकून तिसरं पेडल शोधलं. न सापडल्यावर त्यांनी भाच्याबद्दल काय ते मत बनवलं.

ही पट्टी असते गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी बघायला. इंजिन ऑइल म्हणजे नुसतं वंगण, असं काका जरा तुच्छतेनंच सांगतात. गिअरबॉक्समधलं हे तांबडं तेल मात्र स्वतः ओझं वाहतं. एका पंख्यानं तेल भिरकवायचं, समोरच्यानं ते झेलून फिरायचं, आणि त्या फिरण्यावर गाडी चालायची. फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनियरनं १९०५ साली जहाजांसाठी काढलेली ही युक्ती. गिअर बदलायचा तोही या तेलाच्याच दाबानं, आणि बॉक्स थंड ठेवायचा तोही यानंच. शिवाय व्हेल माशाची गोष्ट आहेच. अमेरिकेत एके काळी या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्यांनी गचका न देता पकड घ्यावी म्हणून. १९७० च्या दशकात व्हेलवर बंदी आली आणि तेलवाल्यांची धावपळ झाली. ही गोष्ट काकांनी एकदा ऐन श्रावणात, जेवताना सांगितली. तेव्हापासून काकू त्या गाडीतून नैवेद्य नेत नाहीत.

तेलाची परीक्षा कोकणी माणसाला शिकवावी लागत नाही. कोकमाच्या आगळासारखा रंग असला तर उत्तम. कडक चहावर गेला आणि करपल्याचा वास आला तर आतल्या चकत्या जळतायत. आणि सोलकढी दिसली तर गाडी जागच्या जागी बंद करावी, कारण रेडिएटरच्या पोटातली तेल थंड करणारी नळी फुटून पाणी तेलात शिरलेलं असतं. काकांना सोलकढीची स्वप्नं पडतात. लग्नात पंगतीला ती वाढायला आली की ते वाटी आडवी करतात.

प्रत्येक वेळी पट्टी पुसलेला कागदी रुमाल ते वहीत चिकटवतात. खाली तारीख आणि किलोमीटर. नऊ वर्षांच्या डागांची ती वही एखाद्या बखरीसारखी जाड झाली आहे. पण रंगाबाबत स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नाही, मोतीबिंदू झालेला. मग ते वही घेऊन हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यात जातात. बाप्पाचे डोळे आखणारा माणूस, त्याच्याहून रंगातलं कोणाला कळणार? तो बिचारा ब्रश थांबवून रुमाल उजेडात धरतो. "काका, गेल्या वेळेपेक्षा जरा गेरूकडे झुकलाय." काकांचा चेहरा पडतो. हा निकाल भर आषाढात, कारखान्यात पाय ठेवायला जागा नसताना मागितला जातो, हे विशेष.

आता मुख्य अडचण. या गाडीत तेल बघायचं तर गिअरबॉक्स चांगला तापलेला हवा, जमीन सपाट हवी, आणि इंजिन बंद केल्यापासून मिनिटभरात पट्टी बाहेर यायला हवी. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, हिचं उलट. पेण गावात फिरून बॉक्स मनासारखा तापत नाही म्हणून काका रोह्याला जातात. वडखळ, नागोठणे, भिसेखिंड, चाळीसेक किलोमीटर. महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, तेवढ्या वर्षांचे खड्डे अंगावर घेत ते लेकीच्या सासरी पोचतात. व्याह्यांचं अंगण सारवलेलं, आणि पाणसळ लावून पाहिलंय, सपाट.

व्याह्यांना वाटतं, पाहुणे प्रेमानं येतात. ते दारात उभे. गाडी थांबते, इंजिन बंद होतं, आणि पाहुणे नमस्कार न करता बॉनेट उघडून पुटपुटायला लागतात, "सात, आठ, नऊ..." मी टॉर्च धरायला बरोबर. विहीणबाईंना सुरुवातीला तो जप वाटला. त्यांनी तांब्या खाली ठेवून हात जोडले होते. एकदा व्याही नेमके चाळीसाव्या सेकंदाला "या पाहुणे, प्रवास कसा झाला?" म्हणत हातात हात घ्यायला आले. काकांनी हात दिला. हातात पट्टी होती. व्याह्यांच्या पांढऱ्या लेंग्यावरचा तो डाग वहीतल्या सगळ्या डागांहून स्पष्ट आहे, पण तो चिकटवता आला नाही. मिनिट हुकलं म्हणून गाडी पुन्हा तापवायला आम्ही कुंडलिकेच्या पुलापलीकडे जाऊन आलो. तोवर पोहे गार.

इतकं बघणारा माणूस तेल बदलत का नाही, असं कोणी विचारलं तर काका आवाज खाली आणतात. जुन्या बॉक्सला नवं तेल घातलं की तो घसरायला लागतो, असं कोणीतरी त्यांना सांगून ठेवलंय. चकत्यांची झिजलेली पूड जुन्या तेलात मिसळलेली असते, तिच्यावरच म्हणे सगळी पकड. व्याही धाटावच्या केमिकल कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पुडीवर गाडी चालत असेल तर तंबाखू घाला." त्यावरून दोन महिने येणं-जाणं बंद होतं. तेलाचे डबे मात्र काकांनी केव्हाच आणून ठेवलेत, माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी. मुहूर्त मिळत नव्हता. पावसात नको. पितृपक्षात नको. थंडीत तेल दाट.

शेवटी काकूंनी मखर काढताना डबा पायावर पाडला आणि मुहूर्त निघाला.

मिस्त्री आमच्या ओळखीचा, आगरी पोरगा. खालच्या बोल्टाला चौकोनी भोक असतं, तिथं पाना चालत नाही; रॅचेटचा तीन सुताचा चौकोन तसाच आत बसतो. हे काकांना पाठ होतं, मिस्त्रीला समोर आल्यावर कळलं. बोल्ट निघाला. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्यावर काळसर मऊ लोण्यासारखा गोळा. काका खाली वाकून बोटांवर चोळत राहिले. दाणा लागला नाही. म्हणजे तुकडे नव्हते, नुसती झीज. मिस्त्री म्हणाला, "काका, पोरीच्या लग्नात बी मना एवढा टेन्शन नव्हता."

एका वेळी पावणेतीन लिटरच निघतं. त्याहून जास्त त्या दोन पंख्यांच्या डब्यात, म्हणजे कन्व्हर्टरच्या पोटात, बसून राहतं. म्हणून काढा, भरा, सगळे गिअर फिरवून चक्कर मारा, पुन्हा काढा. तीन वेळा केलं तरी जुन्याचा सहावा हिस्सा उरतोच. "विरजणाला हवंच की," काका म्हणाले. त्यांना त्यात फार धीर वाटलेला दिसला.

गाडी घसरली नाही. गिअर बदलताना वडखळच्या पुढे जो बारीक झटका बसायचा तोही गेला. काका दिवसभर अस्वस्थ होते.

रात्री साडेनऊला माझ्या दारावर थाप. नवं तेल इतकं नितळ की पट्टीवर दिसतच नाही. वरची खूण, खालची खूण, मधे नुसतं लोखंड चकाकतंय. चष्मा लावून, चष्मा काढून, पट्टी तिरकी धरून झालं. रुमालावर फिकट गुलाबी ओल उमटली, ती बघता बघता पसरून मावळली.

"तुझे डोळे तरुण आहेत, बघ. खुणेच्या वर आहे का खाली?"

मी टॉर्च दातात धरला.

"दिसतंय?"

"त्रेपन्न," मी म्हणालो. "चोपन्न."